उन्हाळा, घाम आणि आपले शरीर



१४ एप्रिलच्या भीमजयंतीपासून वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेपर्यंत आपल्या वस्त्यांमध्ये कार्यक्रमांची रांग लागलेली असते. मिरवणुका, धम्मसभा, भोजनदान, लग्नकार्ये, सगळे याच दिवसांत. आणि महाराष्ट्रातले सर्वात कडक उन्हाचे दिवसही हेच. याच दिवसांत नाक्यावरचे कामगार, हमाल, सफाई कामगार, वीटभट्टीवरची कुटुंबे, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या भगिनी दिवसभर उन्हात राबतात. संध्याकाळी घरी यावे तर पत्र्याचे घर भट्टीसारखे तापलेले.

अशा वेळी वस्तीत कोणी दगावले की आपण म्हणतो, "ऊन लागून गेला." कोणी म्हणते, "त्याचे भरले होते." एवढे बोलून विषय संपतो. पण सकाळी डबा घेऊन कामावर गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत बेशुद्ध का पडतो, त्याच्या शरीरात दुपारभर काय घडले, हे विज्ञानाला पायरीपायरीने माहीत आहे. प्रत्येक पायरीला कारण आहे. भगवान बुद्धांनी आपल्याला शिकवले ते हेच की कारणाशिवाय काही घडत नाही, आणि कारण दूर केले की परिणामही टळतो. म्हणून या महिन्यात आम्ही आरोग्य पानावर शाळेतल्या विज्ञानाचा एक धडा घेतला आहे. वहन, अभिसरण, प्रारण, बाष्पीभवन हे शब्द आपल्या मुलांच्या पुस्तकात आहेत. मुलांना जवळ बसवून हा धडा मोठ्याने वाचावा, ही विनंती.

तापमान वेगळे, उष्णता वेगळी

आपण 'तापमान' आणि 'उष्णता' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण ते एक नाहीत. एक पेलाभर उकळते पाणी घ्या आणि एक बादलीभर कोमट पाणी घ्या. तापमान कोणाचे जास्त? पेल्यातल्या पाण्याचे. पण उष्णता जास्त साठलेली आहे ती बादलीत. तापमान म्हणजे वस्तू किती तापली आहे ते. उष्णता म्हणजे तिच्यात एकूण किती ऊर्जा आली किंवा गेली ते.

उष्णता मोजण्याचे एक माप आहे किलोकॅलरी. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला जेवढी उष्णता लागते, ती एक किलोकॅलरी. आपले शरीर बरेचसे पाण्याचेच आहे. म्हणून ६० किलो वजनाच्या माणसाचे शरीर एका अंशाने तापवायला साधारण ५० किलोकॅलरी पुरतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शरीरात चूल सतत पेटलेली असते

आपण खातो ते अन्न शरीरात हळूहळू जळते आणि त्यातून उष्णता निघते. नुसते शांत बसलेल्या माणसाच्या शरीरातही तासाला साधारण ७५ किलोकॅलरी उष्णता तयार होते. ही उष्णता बाहेर जायला वाटच नसती, तर काय झाले असते? वरचा आकडा घ्या. ७५ भागिले ५०, म्हणजे नुसते बसून दर तासाला दीड अंशाने शरीर तापत गेले असते. विटा वाहणाऱ्या किंवा घमेली उचलणाऱ्या माणसाच्या शरीरात तर तासाला ३०० किलोकॅलरी किंवा त्याहूनही जास्त उष्णता तयार होते. तिला वाट मिळाली नाही तर अर्ध्या तासात शरीर तीन अंशांनी तापेल. ३७ चे ४० होतील. आणि ४० अंश म्हणजे जिवाला धोका.

निरोगी शरीराचे आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या (९८.६ अंश फॅरनहाइट) आसपास राहते. मेंदू, हृदय, मूत्रपिंड याच तापमानात नीट काम करतात. मेंदूच्या तळाशी एक छोटा भाग आहे, त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. तो राखणदारासारखा काम करतो. रक्त जरा तापले की तो दोन हुकूम सोडतो. पहिला, कातडीकडे जास्त रक्त पाठवा. दुसरा, घाम सोडा. उन्हात चेहरा लाल होतो, छाती धडधडते, अंग घामाने भिजते, ते या हुकुमांमुळे.

उष्णता बाहेर जाण्याच्या चार वाटा

पहिली वाट वहन. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या की जास्त तापलेलीकडून कमी तापलेलीकडे उष्णता जाते. थंड फरशीवर आडवे झाले की बरे वाटते ते वहनामुळे. लाकडी पाट आणि स्टीलचे ताट रात्रभर एकाच खोलीत असतात, दोघांचे तापमान एकच असते. तरी सकाळी हात लावला तर ताट गार लागते, कारण धातू हातातली उष्णता पटकन ओढून नेतो.

दुसरी वाट अभिसरण. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी गार हवा येते. अंगाला लागून असलेली तापलेली हवा वाऱ्याने निघून गेली की शरीरातली उष्णताही तिच्यासोबत जाते. पोटमाळ्यावर झोपणाऱ्याला खाली झोपणाऱ्यापेक्षा जास्त उकडते, त्याचे एक कारण हेच. घरातली सगळी तापलेली हवा वर जाऊन साठते.

तिसरी वाट प्रारण. यात मध्ये कशाचा स्पर्श लागत नाही, हवाही लागत नाही. सूर्याची उष्णता आपल्यापर्यंत अशीच येते. चुलीसमोर बसल्यावर तोंड तापते आणि पाठ गार राहते, तेही प्रारण.

आता या तीन वाटांची एक मोठी अडचण आहे. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते, उलटी जात नाही. आपल्या कातडीचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते. बाहेरची हवा २५ अंश असेल तर या तिन्ही वाटांनी उष्णता शरीराबाहेर जाते. पण हवा ४२ अंशांची, पत्रा त्याहून तापलेला आणि डोक्यावर सूर्य, अशा वेळी याच तीन वाटांनी उष्णता उलटी आत शिरते. दारे तीच, पण आता ती घर लुटणाऱ्यांसाठी उघडी पडलेली.

अशा वेळी एकच वाट उरते. ती चौथी, बाष्पीभवनाची. म्हणजेच घाम.

माठ आणि माणूस

माठात पाणी गार कसे होते? माठाच्या मातीला बारीक छिद्रे असतात. त्यातून पाणी पाझरते आणि बाहेरच्या बाजूने वाळते. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. ही उष्णता पाण्याचे तापमान वाढवत नाही, फक्त पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, म्हणून शाळेच्या पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. माठावर वाळणारे पाणी ही उष्णता आतल्या पाण्याकडून घेते आणि आतले पाणी गार होते.

आपली कातडीही तसेच काम करते. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. विटा वाहणाऱ्याच्या शरीरात तासाला ३०० किलोकॅलरी तयार होतात असे आपण धरले होते. म्हणजे तेवढ्यासाठीच तासाला अर्धा लिटर घाम वाळायला हवा. उन्हाची उष्णता आत येते ती वेगळी. कडक उन्हात जड काम करणाऱ्याला तासाला लिटरभर घामही येऊ शकतो.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, घाम तयार होतो तो रक्तातल्या पाण्यातून. पाणी प्यायले नाही तर घाम येणार कुठून? दुसरी, घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. अंगावरून टपकून खाली पडलेला घाम उष्णता नेत नाही. तो फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो.

घाम वाळणे हवेवर अवलंबून आहे. हवेत आधीच भरपूर वाफ असेल, म्हणजे आर्द्रता जास्त असेल, तर घाम वाळत नाही. म्हणून नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या कोरड्या हवेत माठ छान गार होतो आणि वाळ्याचा कुलर चालतो. मुंबई, ठाणे, रत्नागिरीच्या दमट हवेत माठ तेवढा गार होत नाही, कुलर तर निरुपयोगीच. माणसाच्या शरीराचेही तसेच.

म्हणून "आमच्याकडे कुठे ४५ तापमान असते" असे म्हणून कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी गाफील राहू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सरकारी सोहळा झाला. लाखो माणसे कित्येक तास उन्हात बसली होती. त्या दिवशीचे तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. तरीही उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. समुद्राजवळची दमट हवा, डोक्यावर सावली नाही, दाट गर्दी, पाण्यापर्यंत पोहोचणे अवघड. एप्रिलमध्येच आपल्याही सभा आणि मिरवणुका असतात. ही घटना आपण विसरू नये.

पंख्याबद्दल एक शब्द

पंखा हवा गार करत नाही, फक्त हलवतो. हवा हलली की घाम लवकर वाळतो, म्हणून गार वाटते. पण हवा ४० अंशांच्या वर गेली आणि अंग कोरडे असेल, तर पंखा गरम हवाच अंगावर फेकतो आणि शरीर आणखी तापते. उपाय सोपा आहे. अंगावर ओला कपडा घ्या, हात-पाय-मान ओली करा आणि मग पंख्याखाली बसा. तेव्हा कपड्यातले पाणी घामाचे काम करते आणि शरीरातले पाणी वाचते. मात्र ओल्या हाताने पंख्याला, कुलरला किंवा बटणाला हात लावू नका. कुलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी प्लग काढा. विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसे जातात.

पत्र्याखालचे घर

पत्रा पातळ असतो आणि धातू उष्णतेचा चांगला वाहक आहे. वरच्या बाजूला पडलेले ऊन लगेच खालच्या बाजूला पोहोचते. मग तापलेला पत्रा प्रारणाने खाली बसलेल्यांवर दिवसभर उष्णता टाकत राहतो. हवा येत नसेल तर तापलेली हवा वर कोंडून राहते. त्यात स्वयंपाकाची शेगडी त्याच खोलीत. दुपारी घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आणि बाळंतिणीला उन्हात न जाताही ऊन लागते, ते असे.

थोड्या खर्चात काय करता येईल?

पत्र्याला वरून पांढरा रंग द्यावा. पांढरा रंग ऊन परतवतो, काळपट गंजलेला पत्रा ते शोषून घेतो. अहमदाबादेत मे २०१० मध्ये तापमान ४६.८ अंशांपर्यंत गेले आणि खूप माणसे दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महानगरपालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छते पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. अहमदाबाद करू शकते तर आपल्या नगरपालिकेला आपण का विचारू नये?

पत्र्याच्या खाली हातभर अंतर सोडून बांबूची चटई, तट्ट्या किंवा जाड कापड ताणून बांधावे. मधली हवा उष्णता खाली येऊ देत नाही आणि पत्र्याचे थेट प्रारण अडते. चूल किंवा शेगडी जिथे आहे तिथे मात्र पेटेल असे काही वर बांधू नये.

भिंतीत वरच्या बाजूला एक झरोका ठेवावा आणि समोरच्या बाजूला खाली एक. वरून तापलेली हवा बाहेर जाते, खालून गार हवा आत येते. हेच अभिसरण. दुपारी बाहेरची हवा जास्त तापलेली असेल तर दारा-खिडक्यांना ओले पडदे लावावेत, रात्री सगळे उघडावे. स्वयंपाक सकाळी लवकर उरकावा.

ताप आणि उष्माघात यांत गल्लत नको

हा या धड्याचा सर्वात महत्त्वाचा भाग आहे. अंग तापले की आपण तापाची गोळी देतो आणि वाट पाहतो. साध्या आजारातल्या तापात ते ठीक आहे. पण उष्माघातात ही वाट पाहणे जिवावर बेतते.

मलेरिया, फ्लू अशा आजारात जंतूंशी लढण्यासाठी हायपोथॅलॅमस स्वतःच शरीराचे तापमान वाढवतो. म्हणून माणसाला थंडी वाजते, तो पांघरूण मागतो. पॅरासिटामॉलची गोळी त्या राखणदाराला पुन्हा ३७ वर आणते आणि ताप उतरतो.

उष्माघातात राखणदाराने तापमान वाढवलेलेच नसते. तो ते कमी करायला धडपडत असतो, पण उष्णता बाहेर काढण्याची यंत्रणा कोलमडलेली असते. इथे तापाची गोळी काम करत नाही, उलट आधीच ताणलेल्या यकृताला त्रास देऊ शकते. इथे औषध एकच, शरीर बाहेरून ताबडतोब गार करणे.

यंत्रणा कशी कोलमडते ते पाहा. घामातून पाणी गेले आणि पिण्यात आले नाही, की रक्तातले पाणी कमी होते. रक्त कमी पडले की हृदय जास्त वेगाने धावते. कातडीला रक्त कमी मिळते, उष्णता बाहेर येणे मंदावते, घामही कमी होतो. आतले तापमान वाढते. मेंदूला झळ पोहोचली की माणूस बरळू लागतो, ओळख विसरतो, तोल जातो, झटके येतात, बेशुद्ध होतो.

त्याआधी शरीर इशारे देते. पायात गोळे येणे, चक्कर, डोके दुखणे, मळमळ, खूप थकवा, गडद पिवळी लघवी. या टप्प्यावर काम थांबवून सावलीत बसले, पाणी आणि मीठ-साखर घेतली, तर माणूस बहुधा सावरतो. इशारे दुर्लक्षित राहिले तरच पुढची पायरी येते. ठेकेदार "जरा आटप, मग बस" म्हणतो, तेव्हा त्याला हे माहीत नसते. आपल्याला माहीत असले पाहिजे.

एक जुना समज दुरुस्त करायला हवा. उष्माघातात घाम थांबतो आणि कातडी कोरडी पडते असे सांगितले जाते. म्हाताऱ्या माणसांत बहुतेकदा तसे असते. पण उन्हात कष्टाचे काम करता करता पडलेल्या तरुणाचे अंग घामाने भिजलेलेही असू शकते. म्हणून घाम पाहू नका, शुद्ध पाहा. उन्हातून आलेला माणूस तापलेला आहे आणि नीट बोलत नाही, म्हणजे तो उष्माघात समजा.

उष्माघात झाल्यास काय करावे

१. लगेच सावलीत, हवेशीर जागी आणा. कोणाला तरी १०८ वर फोन करायला सांगा.

२. रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका. जास्तीचे कपडे काढा आणि अंगावर पाणी ओता. बादलीने, हंड्याने, जे असेल त्याने. साधे पाणी चालते. सोबत पुठ्ठ्याने, टॉवेलने किंवा पंख्याने जोरात वारा घाला.

३. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवा. तिथून मोठ्या रक्तवाहिन्या कातडीजवळून जातात.

४. शुद्ध नसेल किंवा बरळत असेल तर तोंडात पाणी, सरबत काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाईल. कुशीवर झोपवा. शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तरच घोट घोट पाणी द्या.

५. रिक्षातून नेतानाही ओला कपडा अंगावर असू द्या, वारा घालत राहा. आधी गार करणे, मग नेणे. दोन्ही सोबत करता आले तर उत्तम. शरीर जितका वेळ तापलेले राहील तितकी मेंदू आणि मूत्रपिंडाची हानी जास्त.

विनयपिटकात कथा आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला कोणी पाहत नव्हते, तेव्हा भगवान बुद्धांनी आणि आनंदाने स्वतःच्या हाताने पाणी घालून त्याला स्वच्छ केले. रस्त्यात पडलेल्या माणसाला "दारू प्यायला असेल" म्हणून ओलांडून जाऊ नये. आधी हात लावून पाहावे.

काय प्यावे, काय टाळावे

उन्हात काम करणाऱ्याने तहान लागण्याची वाट पाहू नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी प्यावे, मात्र एका तासात दीड लिटरपेक्षा जास्त ढोसू नये. घामात मीठही जाते, म्हणून मधूनमधून ताक, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, भाताची मीठ घातलेली पेज घ्यावी. ओआरएसची पुडी मिळाली तर पुडीवर लिहिलेल्या मापानेच पाणी घ्यावे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पाणी व मीठ किती घ्यावे ते डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, काही मानसिक आजारांच्या औषधांनी घाम कमी होतो. अशी औषधे मनाने बंद करू नयेत, उन्हाळ्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचे पाणी देऊ नये, अंगावर जास्त वेळा पाजावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. म्हाताऱ्यांना तहान कमी जाणवते, म्हणून त्यांच्या हातात पेला आपण द्यावा.

आपल्या भगिनींबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. शौचालय दूर, घाणेरडे किंवा कामाच्या जागी नाहीच, म्हणून अनेक जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि उन्हाळ्यात हीच सवय ऊन लागण्याचे कारण ठरते. बायकांसाठी स्वच्छ शौचालय ही उष्माघात टाळण्याचीही उपाययोजना आहे.

दारू लघवी वाढवून शरीरातले पाणी कमी करते आणि इशारे ओळखण्याची शुद्धही घालवते. पंचशीलातले पाचवे शील उन्हाळ्यात जीवही वाचवते.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, असे आपल्याकडे अजून मानतात. कांदा खाल्ला तर त्यातले पाणी पोटात जाते, एवढाच त्याचा लाभ. खिशातला कांदा उष्णतेची कोणतीही वाट उघडत नाही, बंदही करत नाही. तसेच नजर उतरवणे, अंगारा लावणे. त्यात जाणारी पंधरा मिनिटे रुग्णाच्या जिवाची असतात. केवळ ऐकीव आहे, चालत आले आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते. ते आपल्यालाही लागू आहे.

पाणी, सावली, विश्रांती : आपला हक्क

वरचा सगळा धडा एका ओळीत असा. कडक उन्हात शरीराला वाचवणारी एकच वाट उरते, घामाची. आणि ती चालू ठेवायला पाणी, सावली, वारा आणि विश्रांती लागते. माणसाचे शरीर सगळ्यांचे सारखेच. साहेबाचेही ३७ अंशांवर आणि हमालाचेही ३७ अंशांवर. पण या चार गोष्टी सगळ्यांना सारख्या मिळत नाहीत.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क, हे त्या ओंजळीने जगाला सांगितले. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कारखाना कायद्यातल्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १९४६ च्या त्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. विश्रांती ही मालकाची मेहरबानी नाही, ही शिकवण त्यामागे होती. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पिण्याचे पाणी देण्याची सक्ती आली. पण आपली बहुतेक माणसे कारखान्याच्या बाहेर, नाक्यावर, रस्त्यावर, ठेकेदाराकडे काम करतात. त्यांच्यासाठी मागायचे ते आपणच संघटित होऊन मागायचे आहे : दुपारी १२ ते ४ जड काम बंद, कामाच्या जागी पाणी आणि सावली. नवा माणूस किंवा गावाहून परतलेला माणूस असेल तर पहिला आठवडा काम हलके. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्यानंतर घाम लवकर येतो आणि त्यातून मीठ कमी जाते.

आपल्या हातातही बरेच आहे. विहार दुपारी उघडे ठेवावे, तिथे माठ, सतरंजी आणि पंखा असावा. पत्र्याखाली एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी युवक मंडळाने करावी आणि रोज दुपारी एकाने चक्कर मारावी. जयंतीची मिरवणूक ऊन उतरल्यावर काढावी, लहान मुलांना ट्रकवर उन्हात उभे करू नये, दर चौकात पाणी आणि ओआरएस असावे. महिला मंडळाने आशाताईंकडून ओआरएसच्या पुड्या आधीच मागून ठेवाव्यात.

मुलांनी करून पाहावे

१. एक बोट पाण्यात बुडवा, एक कोरडे ठेवा. दोन्हींवर फुंकर मारा. कोणते गार लागते आणि का?
(उत्तर : ओले बोट. पाणी वाळताना बोटातली उष्णता घेते.)

२. दोन सारख्या बाटल्यांत पाणी भरा. एकीला ओले फडके गुंडाळा, दुसरी तशीच ठेवा. दोन्ही सावलीत, वाऱ्यात ठेवून एका तासाने हात लावून पाहा. हाच प्रयोग पाऊस पडून गेल्यावर दमट दिवशी करा. फरक का पडतो?
(उत्तर : दमट हवेत पाणी सावकाश वाळते, म्हणून बाटली कमी गार होते.)

३. पत्र्याच्या दोन तुकड्यांपैकी एकाला पांढरा रंग, एकाला काळा रंग द्या. उन्हात अर्धा तास ठेवा. हात लावू नका, फक्त जवळ न्या. जास्त तापलेला कोणता?
(उत्तर : काळा. पांढरा पत्रा ऊन परतवतो.)

४. ५० किलो वजनाच्या माणसाचे शरीर एका अंशाने तापवायला साधारण ४२ किलोकॅलरी लागतात. एक लिटर घाम वाळला तर ५८० किलोकॅलरी जातात. हा घाम वाळला नसता तर शरीर किती अंशांनी तापले असते?
(उत्तर : जवळजवळ १४ अंशांनी. एवढे कोणी सहन करू शकत नाही. घामाचे मोल यावरून कळते.)

५. आई किंवा बाबा कामावरून आल्यावर विचारा : आज किती वेळा पाणी प्यायलात? सावलीत किती वेळ बसलात? उत्तरे आठवडाभर वहीत लिहा आणि रविवारच्या वंदनेनंतर विहारात वाचून दाखवा.

जय भीम!